सांगलीच्या नाट्यगृहातल्या पडद्यामागच्या काकांना

काका, नमस्कार.

आमच्या चेलो-पियानोच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत प्रायोजकांची नावं होती, फुलांची सजावट कुणाची तेही होतं. तुमचं नाव नव्हतं. शेवटी आभार मानताना तुम्ही ‘आणि इतर सर्व सहकारी’ यांच्यात गेलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, चार लोकांनी वाचावं असं.

आधी थोडं रडगाणं गाते. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, पण मोठं, बसून गजाने वाजवायचं वाद्य. त्याच्या बुडाशी टोकदार सळई असते, ती लाकडात जरा रुतली की वाद्य जागेवर राहतं. गुळगुळीत जमिनीवर ते पुढे पुढे सरकतं, आणि मग सूर सांभाळायचे की वाद्य, असा प्रश्न पडतो. याआधी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सभागृहात आम्ही हाच कार्यक्रम केला. तिथल्या व्यवस्थापकांना सळईचं सांगितलं तर म्हणाले, “स्टेजला भोक पडेल.” त्या फळ्यांची नाटकांच्या खिळ्यांनी आधीच चाळण झाली होती, पण माझ्या सळईनेच काय ते नुकसान होणार होतं! शेवटी त्यांनी एक पायपुसणं आणून दिलं. वाद्यासकट पायपुसणंही सरकायला लागलं. वर “तबला नाही? मग लोक बसतील का?” हे ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

सांगलीला पियानो कुठून आणि कसा आला, ते रामायण इथे नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावात चेलो आणि पियानो घेऊन बसायचं म्हणून मी आधीच धास्तावले होते. त्यात कार्यक्रम देशोदेशींच्या लोकसंगीतातून आलेल्या रचनांचा. पहिला हंगेरियन रचनाकार बार्टोक. आजच्या रोमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या खेड्यांत ऐकलेल्या फिडलच्या, म्हणजे गावच्या व्हायोलिनच्या, आणि बासरीच्या चालींवर त्याने १९१५ साली पियानोसाठी सहा छोटे नाच रचले. त्यातला पहिलाच काठीचा नाच, ठेक्यात जोर लावून वाजवायचा. जोर लावला आणि सळई सटकली. कसेबसे सहाही नाच पुरे केले.

टाळ्या चालू असतानाच तुम्ही विंगेतून आलात. हातात प्लायचा तुकडा आणि एक नाडी. गुडघ्यावर बसून तुम्ही प्लायला पाडलेल्या भोकातून नाडी ओवली, माझ्या खुर्चीच्या पुढच्या पायाला गाठ मारली, सळई प्लायमध्ये टेकवून वरून दाबून पाहिली आणि प्रेक्षकांकडे न बघता निघून गेलात. खिळा नाही, भोक नाही, अर्ज नाही. हे काम तुमचं नव्हतंच. तुमच्याकडे पडदा आणि घंटा.

पण हे पत्र त्या प्लायसाठी नाही.

नंतर आम्ही स्पेनच्या दे फाल्या या रचनाकाराची १९१४ सालची स्पॅनिश लोकगीतं वाजवली, चेलोसाठी बसवलेली. त्यात ‘नाना’ म्हणून अंदालुसियाची अंगाई आहे. अगदी दबक्या आवाजात वाजते, गज तारेवर जेमतेम टेकवायचा. मग मध्यंतर झालं. चहा घेऊन परत आले तर प्लायच्या खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, “फळी बोलत हुती ताई, त्या हळू गाण्यात. टक करून.”

मला तो आवाज आला नव्हता. पियानोवरच्या मैत्रिणीलाही आला नव्हता. पहिल्या रांगेतल्या मान्यवरांचं सोडाच, त्यांच्यातल्या एकांचा फोन त्याच अंगाईत वाजला. आणि तुम्ही पडद्याची दोरी धरून विंगेत उभे राहून प्लायचं एक ‘टक’ टिपलंत! मग कळलं की तुमचे साडू मिरजेत तंबोरे बनवतात. “तिथं दोरा केसभर सरकला की तंबोऱ्याची जवारी जाते,” म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद जातो, असं तुम्ही म्हणालात, आणि चेलोच्या तारा पेलणाऱ्या घोडीकडे वाकून बघत “ह्याला जवारी नसती व्हय?” असंही विचारलंत. नसते, काका. पण तुमचा प्रश्न ऐकून बरं वाटलं. त्या मोठ्या सभागृहात वाद्याबद्दल मला कुणी काही विचारलं होतं ते एवढंच, की याला माईक कुठे लावायचा.

मध्यंतरानंतर जर्मन रचनाकार ब्रुखचं ‘कोल निद्रे’ होतं. ब्रुख स्वतः प्रोटेस्टंट, पण योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, म्हणतात ती ज्यूंची चाल त्याने १८८० साली चेलोसाठी घेतली. चेलो आत येतो तो हुंदके दिल्यासारखा. तीन सूर, मग थांबा. पुन्हा तीन सूर, पुन्हा थांबा. त्या थांब्यांत काहीही वाजलं की सगळी रचना पडते. त्या संध्याकाळी काही वाजलं नाही. शेवटच्या, अर्जेंटिनाच्या पियाझोलाच्या टँगोत तर मी इतका दणका दिला की पायपुसण्यावर असते तर थेट पहिल्या रांगेत गेले असते.

असे लोक सगळीकडे असतात, हे मला आता पटलंय. पियानो उतरवताना स्वतःचा शर्ट काढून कोपऱ्याला लावणारा टेंपोवाला असाच. यांच्यापैकी कुणाला व्यासपीठावर बोलावत नाहीत आणि ज्यांना बोलावतात ते भाषण लांबवतात.

पुढच्या वेळी पत्रिकेत तुमचं नाव वाद्यांच्या खाली छापणार आहे, आयोजकांशी बोलणं झालंय. तेव्हा पूर्ण नाव त्यांच्याकडे देऊन ठेवा. आणि तुमची फळी, नाडी, ट्यूब चेलोच्या पेटीत आहे. मागितलीत तरी परत मिळणार नाही.

तुमची,
चेलोवाली ताई