सुन्या, उद्या पूल ओलांडायचाय

प्रिय सुन्या,

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू, मेधाचा गुडघा आहे तसाच. झालं, आता परत विचारू नकोस.

बोट घेऊन निघालोय. तीच कॅटलिना २२, फोटो पाठवलेला ती शिडाची बोट. मिशिगनच्या आय-७५ हायवेने सरळ वर उत्तरेला, मॅकिनॉ पूल ओलांडून सेंट इग्नेसला पाण्यात सोडायची. ग्रेलिंगला पेट्रोलला थांबलो आणि नेहमीसारखा ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबवर, म्हणजे बेअरिंग असतं त्या मधल्या भागावर, हात ठेवला, डावा कोमट आणि उजव्यावर हात टिकेना! इथे कुणाला सांगितलं तर म्हणेल टोवाल्याला फोन कर, मोकळा हो. तुला कळेल माझ्या पोटात काय झालं ते, कारण खडकवासल्याच्या वाटेवर जळक्या ग्रीसचा वास पहिल्यांदा तुलाच आला होता.

जॅक लावून उघडला तर आतलं सील फाटलेलं आणि ग्रीस ताकासारखं पांढुरकं, म्हणजे पाणी शिरलेलं. हायवेवर तापलेला हब तसाच गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि फटीतून पाणी ओढून घेते, म्हणून मी बोट पाण्यात सोडायच्या उतारावर आधी अर्धा तास थांबतो, लेक ईशा कितीही वैतागली तरी. पण सीलच नीट बसवलं नसेल तर थांबून काय उपयोग? बेअरिंग याच वर्षी एका दुकानात चांगले पैसे मोजून बदलून घेतलेत रे. नशीब, भरलेल्या बेअरिंगचा तयार हब सोबत असतो. ईशाने टॉर्च धरला, मी नट आवळून जरासा मागे घेतला, हब हाताने फिरवून पाहिला, नवी कॉटर पिन घातली. मोटेलपर्यंत आलो तर दोन्हीकडे सारखाच कोमट.

हे निस्तरलं. खरी काळजी वेगळीच आहे. ईशा म्हणते उद्या पुलावर गाडी मी चालवणार.

पूल १९५७ चा, आठ किलोमीटर लांब, मधोमध रस्ता पाण्यापासून दोनशे फुटांवर. आतल्या लेनला खाली लोखंडी जाळी आहे, वारा आरपार जावा म्हणून, आणि चाकं त्यावर गुणगुणतात. वारा चढला की ट्रेलर-कॅम्परवाल्यांना ताशी २० मैलांवर आणतात. आमची बोट ट्रेलरसकट दीड टनाच्या आसपास, हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडतो तिथे, दीडशे किलोच्या वर भार हवा, नाहीतर शेपूट हलायला लागतं आणि तेव्हा माणूस घाबरून ब्रेक दाबतो, तिथेच घात होतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, बस. तिला हे माझ्याइतकंच येतं. अँकर आणि बॅटरी पुढे सरकवायला आज तिनेच लावलं, साखळ्या हिचखाली क्रॉस करून तीच अडकवते, मागे बाहेर आलेल्या मास्टला, म्हणजे डोलकाठीला, लाल फडकं तिनेच बांधलं. तरी मला झोप नाही.

आप्पांनी आपल्याला जीप आणि मागे ती एंटरप्राइज, शिडाची छोटी होडी, देऊन पाठवलं तेव्हा त्यांना झोप लागली होती का रे? कधी विचारलंस त्यांना? मला तर ते फक्त "दोर बघा" एवढंच म्हणालेले आठवतात.

आणि दोराचा विषय निघालाच आहे तर, माझी गाठ बरोबरच होती! नायलॉन ओला झाला की ताणतो, त्याला गाठ काय करणार. शेख सरांसमोर तू माझ्यावर ढकललंस आणि वर बंड्याच्या पैशाने भजी खाल्लीस, हे मी विसरलेलो नाही. आता पॉलिएस्टरचे पट्टे असतात, दोन मागे, एक मध्ये, पुढे बोट ओढून घ्यायच्या विंचच्या पट्ट्याशिवाय वेगळी साखळी. दर थांब्याला पुन्हा आवळतो. तू असतास तर दोनदा आवळले असतेस.

तुझं घराचं काम कुठवर आलं? वहिनींची बदली झाली का? अथर्वला म्हणावं पोहायला आधी शीक, मग बोटीचं बघू.

मी ठरवलंय की वारा पडलेला असेल तर तीच चालवेल, मी शेजारी बसून तोंड बंद ठेवीन. वारा असेल तर मॅकिनॉ सिटीत अलीकडेच थांबायचं, कितीही वेळ लागो, यावर ती पण कबूल आहे. तुला हे बरोबर वाटतं का? इथे रात्रीचे दहा, तुझ्याकडे सकाळचे साडेसात, म्हणजे चहा चालू असेल. वाचलंस की लगेच फोन कर, मी जागाच आहे.

तुझाच,
नंदू