सारख्या चेहऱ्याशिवाय घडलेली गफलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विनोदी चित्रपटांतील द्विभूमिकांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात ‘जेंटलमेनी उदाची’ (१९७१) या सोव्हिएत चित्रपटाची दखल घेतली, हे छान झालं. बालवाडीचा प्रमुख आणि अट्टल चोर, दोन्ही भूमिका येव्गेनी लिओनोव्हच्या. टकलावर टोप चिकटवून, अंगावर गोंदण काढून पोलीस या प्रमुखाला चोराच्या साथीदारांत सोडतात. पण माणसाच्या ओळखीतली गफलत सारख्या चेहऱ्यावरच उभी राहते, हे लेखातलं विधान मुळीच पटलं नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक लिओनीद गायदाई यांचा ‘ब्रिलियान्तोवाया रुका’ (१९६९), म्हणजे ‘हिऱ्यांचा हात’, पाहावा. यात कोणी कोणासारखा दिसत नाही. तस्करांचा माणूस गेशा (आंद्रेई मिरोनोव्ह) याने इस्तंबूलमधल्या एका औषधाच्या दुकानासमोर मुद्दाम पडायचं आणि ठरलेली रशियन शिवी हासडायची, एवढीच खूण. तिथल्या तस्करांनी गेशाला कधी पाहिलेलं नाही. गेशा गल्ल्यांत वाट चुकतो आणि त्याच्या आधी सहप्रवासी गोर्बुन्कोव्ह (युरी निकुलिन) तिथे पोचतो, खराखुरा घसरतो, तोंडून तीच शिवी निघते. झालं! त्याच्या धडधाकट हातावर सोनं-हिरे भरलेलं प्लास्टर चढतं. रस्त्यावर पडणारा कोणताही रशियन माणूस जे करील तेच खूण म्हणून निवडलं, योजना फसायचं कारण हेच. योगायोग इथे ओढूनताणून आणलेला वाटत नाही, कारण त्याची सोय तस्करांनीच करून ठेवलेली असते.

लेखकद्वयीसह गायदाईंनी खरी करामत केली आहे ती याच्या पुढे. सहसा अशा कथांत गैरसमज शेवटपर्यंत ताणतात आणि मध्यंतरानंतर दम संपतो. इथे तस्करांना चूक लगेच उमगते. पण प्लास्टरमध्ये काय आहे हे गोर्बुन्कोव्हलाही ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नसतं. त्याने अर्धवट शुद्धीत सगळं पाहिलेलं असतं. आता पोलीस त्यालाच आमिष म्हणून वापरतात. मासेमारीच्या प्रसंगात तर त्याला खूश ठेवायला तस्करांचा पाण्याखालचा पाणबुड्या त्याच्या गळाला एकेक मासा अडकवत राहतो, आणि हा भाबडेपणाने हरखतो! निकुलिन मूळचे सर्कशीतले विदूषक. चेहरा कोरा ठेवून अंगाने हसवायचं कसं, ते इथे बघावं.

हे ‘इस्तंबूल’ म्हणजे अझरबैजानमधल्या बाकूचं जुनं शहर, हेही सांगायला हवं. चित्रपट मॉसफिल्म या रशियन स्टुडिओच्या यूट्यूब वाहिनीवर सबटायटल्ससह मोफत बघता येतो. फिल्म सोसायट्यांनी दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवावेत, आधी लिओनोव्हचा, मग निकुलिनचा. द्विभूमिकेचा टोप आणि गोंदण डोळ्यांत ताजं असताना हा दुसरा प्रकार किती कमी सामानात उभा केला आहे, ते प्रेक्षकांना तिथल्या तिथे दिसेल.

आपला,
एक वाचक, पुणे