तालमीला जागा आणि आधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सुरू झाली की हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात पुन्हा वर्दळ दिसू लागते आणि सोलापुरात नाटक टिकून असल्याचे समाधान आपण मानतो. मात्र त्या एका प्रयोगामागे दीड-दोन महिन्यांच्या तालमी असतात, आणि त्या कुठे व कोणाच्या खर्चाने होतात हे फारसे कोणी विचारत नाही.

आमच्या संस्थेने मागील नाटकाच्या तालमी एका स्नेह्याच्या गोदामात, टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये खडूने रंगमंच आखून केल्या. शेजारी यंत्रमाग सुरू असल्याने प्रत्येक संवाद ओरडून म्हणण्याची नटांना सवय लागली. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहात उभे राहिल्यावर, आई-मुलाच्या कुजबुजीचा प्रवेशही सगळे वरच्या पट्टीत बोलत असल्याचे प्रथमच ध्यानात आले. नाट्यगृहात आदल्या दिवशी रंगीत तालीम घेण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. स्मरणिकेच्या जाहिराती आणि सभासदांची वर्गणी नेपथ्य, प्रकाशयोजना व वेशभूषेतच संपली होती.

शासन काहीच करत नाही असे माझे म्हणणे नाही. स्पर्धेतील संघांना निर्मितीखर्च मिळतो, आणि वृद्ध कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून दरमहा ५,००० रुपये मानधन मिळते. दोन्ही योग्यच आहे. परंतु पहिली मदत एका प्रयोगापुरती आणि दुसरी कलावंताच्या उतारवयातली. मधली वीस-पंचवीस वर्षे त्याला घडवणाऱ्या संस्थेचे काय? नियमित काम करणाऱ्या कलापथकांसाठीच्या केंद्राच्या रेपर्टरी अनुदानासाठी लागणारे लेखापरीक्षित हिशेब आणि स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी, दिवसा नोकरी करून रात्री तालीम करणाऱ्यांच्या आवाक्याबाहेरची असते.

म्हणून महापालिकेने अर्थसंकल्पात स्थानिक प्रयोगकला संस्थांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवून, लहान रकमेचे का होईना, पण दरवर्षी खात्रीने मिळणारे अनुदान द्यावे, अशी विनंती आहे. शाहीर राम जोशी याच शहराचे, शाहीर अमर शेख बार्शीचे, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. तेव्हा हे अनुदान केवळ नाटकापुरते न ठेवता शाहिरी व लोककला पथकांना आणि शहरातील तेलुगू, कन्नड, उर्दू संस्थांनाही मिळावे. कोणाला किती रक्कम दिली आणि त्यातून काय उभे राहिले, याची यादी दरवर्षी जाहीर करावी, म्हणजे वशिल्याची शंका राहणार नाही.

पैशाआधी करता येण्याजोगी एक गोष्टही आहे. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी सातनंतर बंद असतात. त्यातील दोन-तीन मोठे वर्ग वीजबिलापुरते शुल्क घेऊन रात्री दहापर्यंत तालमींसाठी द्यावेत, आणि येत्या स्पर्धेच्या तालमी सुरू होण्यापूर्वी तसा निर्णय व्हावा.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, सोलापूर