आईच्या लेन्सबद्दल

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोनवर आईनं हळूच विचारलं, "मला बसतील का गं ते कॉन्टॅक्ट लेन्स?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "या वयात कशाला?" तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून आज लिहिते आहे.

बाबा, दिवाळीत भजनाला मी आईच्या शेजारी बसले होते. चाळिशी लावली की वहीतली ओळ दिसे, पण मान वर केली की पेटीवाल्या काकू धूसर. मग चष्मा कपाळावर, पुन्हा नाकावर. एका अभंगात सहा-सात वेळा. शेवटी तिनं वही मिटली आणि पाठ होतं तेवढंच गायली. मला ते फार लागलं. हौस म्हणून ती विचारत नाहीये.

आई, वयानं डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं बघताना पूर्वीसारखं फुगत नाही. मल्टिफोकल लेन्समध्ये जवळचा आणि लांबचा नंबर एकाच चकतीत असतो. बऱ्याच लेन्समध्ये जवळचा मधोमध, लांबचा कडेला. दोन्ही एकदमच डोळ्यात उतरतात आणि हवं ते मेंदू निवडतो. ही सवय लागायला आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत कंटाळून सोडू नकोस. आधी ट्रायलची जोडी मागून घे. सुईत दोरा ओवायला किंवा कमी उजेडात बारीक अक्षर वाचायला चाळिशी तरीही लागेल, ती पर्समध्ये राहू दे. रात्री समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, त्यामुळे सुरुवातीला अंधार पडल्यावर वर्धा रोडला स्कूटी नको.

महिन्याचे लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना. मधले दहाच दिवस लावले तरी महिना झाला की टाकायचे. तू पै-पै वाचवणारी, म्हणून हे दोनदा सांगते. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव. रोज ताज्या सोल्यूशननं चोळून धुवायचे, डबी दर तीन महिन्यांनी बदलायची. नळाचं पाणी कधीच लावायचं नाही, अगदी उकळलेलंही नाही. पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असतो, तो बुबुळाला जखम करतो. आणि लेन्स घालून दुपारची डुलकीसुद्धा नको. मी एकदा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये तशीच झोपले होते. नागपूरला उतरले तेव्हा उजवा डोळा लालबुंद, उजेड सहन होईना. बरा व्हायला आठ दिवस गेले. डोळा लाल झाला, दुखला, की लेन्स आधी काढायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

उन्हाळ्यात भिवापुरी मिरचीचं तिखट करशील, त्या दिवशी लेन्स नकोच. हात साबणानं कितीही धुतले तरी बोटांना ते राहतं. कूलरच्या थेट झोतासमोर बसू नकोस. पाळी गेल्यावर डोळे तसेही कोरडे पडतात, तेव्हा तो कोरडेपणा आधी तपासून घ्यायला हवा.

बाबा, तुम्हाला मोतीबिंदू सुरू झालाय, तुमचा मार्ग वेगळा. पण शनिवारी धरमपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे आईसोबत तुम्हीच जा. थेंब घालून बाहुली मोठी केली, तर तिला काही तास जवळचं दिसणार नाही आणि ऊन डोळ्यांना बोचेल. तिचा गॉगल कपाटात डावीकडे आहे. येताना रिक्षा करा.

तुमची,
ताई