आई-बाबा, कोचिंगचं नीट सांगते

आई-बाबा,

परवा फोनवर नीट बोलणंच झालं नाही, आई रडायला लागली आणि बाबा गप्प, म्हणून लिहितेय. हो, फुटबॉल खेळणं थांबवलं. आणि इथे अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या टीमची असिस्टंट कोच म्हणून जॉइन झालेय. आई, पगार आहे, इन्शुरन्स आहे, फार नाही पण माझं आरामात भागतं.

बाबा, तुम्ही रिटायर होऊन कोल्हापूरला गेलात ते निम्मं शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलसाठीच, तेव्हा तुम्हाला हे आवडेल. इथल्या मुलींच्या कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा कोच अॅन्सन डोरन्स, त्याचा जन्म मुंबईचा, १९५१ चा! नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीकडून खेळला, मग लॉ शिकता शिकता तिथेच कोच झाला, १९७९ ते २०२४ मुलींची टीम त्याच्याकडे होती, एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, २१ ट्रॉफ्या, आणि १९९१ चा मुलींचा पहिला वर्ल्ड कप अमेरिकेने जिंकला तेव्हाही कोच तोच. तो रिटायर झाला त्याच सीझनला त्याच्या असिस्टंटने, डेमन नाहासने, टीमला परत चॅम्पियन केलं. म्हणून सांगते, असिस्टंट म्हणजे नुसते प्रॅक्टिसचे प्लॅस्टिकचे शंकू मांडणारा माणूस नव्हे.

माझं काम बरंचसं लॅपटॉपवर असतं, मॅचचे व्हिडिओ कापायचे, कॉर्नरला कोण कुणाला मार्क करतंय ते थांबवून थांबवून बघायचं. दुसरं काम रिक्रूटिंग, म्हणजे शाळेतल्या मुलींतून टीमसाठी खेळाडू मिळवणं. मुलीची दहावी संपली की १५ जूनपासूनच कोचने तिला फोन करायचा, त्याआधी नाही, असा नियम आहे, त्यामुळे रात्री बाराच्या ठोक्याला सगळ्या कॉलेजांचे फोन सुरू. एका मुलीच्या आईने मला पहिलंच विचारलं, पाय मोडला तर स्कॉलरशिप जाते का? आई, तूही अगदी हेच विचारलं होतंस ना! मी सांगितलं, दुखापत झाली म्हणून ठरलेल्या मुदतीत काढून घेता येत नाही, पण मुदत एका वर्षाची की चार वर्षांची ते सही करण्याआधी वाचा. आणि पूर्वी १४ स्कॉलरशिप अख्ख्या टीमला वाटून द्यायच्या, हिला अर्धी तिला पाव, ती मर्यादा २०२५ पासून गेली, पण नवे नियम घेतलेल्या कॉलेजांत टीमच २८ जणींची, म्हणजे काही मुलींना जागाच नाही. हे त्या आयांना स्पष्ट सांगणारं कुणीतरी हवं.

मी कोच झाले त्याचं खरं कारण मात्र वेगळंच आहे. १९७२ ला इथे टायटल नाइनचा कायदा आला, शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायचा नाही असा, मुलींच्या खेळात पैसा आला, फार चांगलं झालं, पण त्याआधी कॉलेजात मुलींच्या टीमच्या कोच ९० टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या आणि आता निम्म्याही नाहीत. पगार आले तसे पुरुष आले. मला कॉलेजात खेळताना चार वर्षांत एकही बाई कोच मिळाली नाही, पाळीच्या दिवसांत प्रॅक्टिस कशी करायची हे मी आईला फोन करून विचारायचे. आमच्या मुली आता मला विचारतात, मॅचच्या आदल्या रात्रीसुद्धा. हे मला मनापासून करायचंय, कुणी ढकललेलं नाही.

ऑगस्टपासून सीझन, बहुतेक मॅचेस गुरुवारी आणि रविवारी. इथे संध्याकाळी सात म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेचार. बाबा, लिंक पाठवेन, तुम्ही उठलेलेच असता. आई, तू बीपीची गोळी घेऊन झोप, स्कोअर सकाळी बाबा सांगतील.

तुमची,
मनू