वंशावळीत पहिल्या पणजीचं नाव का नाही?

संपादक महोदय,
स. न.

घराण्याची वंशावळ लिहायला हल्ली बरेच जण घेतात, चांगलंच आहे, पण त्यात एक गोष्ट हमखास सुटते म्हणून हे पत्र. पणजोबांचं किंवा पणजीचं आधी एक लग्न झालेलं असू शकतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. माझ्याही नव्हतं आलं. एकदा पणजीचं आणि त्यांच्या थोरल्या मुलाचं जन्मवर्ष शेजारी शेजारी लिहिलं तर फरक निघाला फक्त नऊ वर्षांचा! वाटलं आपलीच वजाबाकी चुकली, परत केली, तेच उत्तर. मग लग्नाची नोंद काढली, ती माझ्याकडे कधीचीच होती, आणि त्यात पणजोबांच्या नावापुढे सरळ विधुर लिहिलेलं. तो कागद मी कितीदा हातात घेतला असेल, पण नाव आणि तारीख बघायचो नि ठेवून द्यायचो.

कागद बोलतात हो, आपण पूर्ण वाचत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासूनच्या सरकारी लग्ननोंदीत अविवाहित, विधुर की विधवा याचा रकानाच आहे. अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत पहिलं लग्न असेल तर एम१ आणि दुसरं किंवा पुढचं असेल तर एम२ लिहायचे. फ्रान्समध्ये १८९७ पासून माणसाच्या जन्मनोंदीच्या समासातच त्याच्या लग्नाचीही नोंद करतात, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव येतं, त्यामुळे एका बापाची पण दोन आयांची मुलं लगेच वेगळी ओळखू येतात.

बाईचं दुसरं लग्न शोधणं मात्र जास्त किचकट, कारण तिथे बऱ्याचदा तिचं पहिल्या नवऱ्याचं आडनाव लावलेलं असतं आणि आपण माहेरच्या आडनावाने शोधत बसतो. अशा वेळी तिच्या वडिलांचं नाव बघावं. दोघांची आडनावं जुळत नसतील तर आधीचं लग्न असण्याची शक्यता मोठी, पण तेवढ्यावर पक्कं धरू नका, पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची नोंदही शोधा. आणि पहिल्या लग्नाची मुलं कधीकधी जनगणनेत सावत्र वडिलांच्या आडनावाने लागलेली असतात, तिथे फसायला होतं.

मी हे घरात सांगितलं तर कशाला जुनं उकरून काढतोस म्हणाले. मला ते पटत नाही. थोरल्या आजोबांना जन्म देणारी बाई आमच्या घरातलीच ना, मग तिचं नाव पुसून दुसरीच्या पोटी तिचं मूल दाखवायचं हे दोघींवरही अन्याय करणारं आहे. ज्यांच्याकडे वंशावळ आहे त्यांनी मुलांची जन्मवर्षं आणि लग्नाचं वर्ष एकदा ताडून बघावं अशी कळकळीची विनंती.

थोरल्याचा जन्म आणि पणजोबांचं दुसरं लग्न यात सहा वर्षं आहेत, त्या सहा वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी मी आता एकेक पान बघतोय. वंशावळीत तिची चौकट काढून ठेवलीय, नाव तेवढं लिहायचं बाकी आहे.

आपला,
एक वाचक