रिसोर्स नव्हे, माणसं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्याकडे आता दोन रिसोर्स आहेत, तिसरा पुढच्या महिन्यात मिळेल." मला वाटलं, मशिनं असतील. मग म्हणालीस, त्यातला एक लातूरचा आहे, वडील आजारी असतात, सारखी रजा मागतो. तेव्हा कळलं, ही माणसं आहेत. तुझ्या बढतीचा आनंद मला आहेच, शेजारी पेढेही वाटले. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. फोनवर तू घाईत असतेस, म्हणून लिहायला बसले.

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, हे तुला सांगायला नको. वॉर्डात हाका ठरलेल्या असत. नर्स ती सिस्टर, पुरुष असेल तर ब्रदर, आया ती मावशी आणि वॉर्डबॉय तो मामा. कागदावर मात्र मावशी आणि मामा 'वर्ग ४'. बोलताना त्याचं 'फोर्थ क्लास' व्हायचं. "दोन फोर्थ क्लास पाठवा, पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचाय." मीही कितीतरी वर्षं असंच म्हणत आले. एकदा रात्रपाळीला चहा घेताना आमच्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, पोरगी इंग्लिश शाळेत जाते. काल विचारत होती, आई, तुला फोर्थ क्लास का म्हणतात, तू चौथीच शिकलीस का? मी तर सातवी पास आहे." मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्रीनंतर माझ्या तोंडून तो शब्द कधी निघाला नाही, पण आधीच्या वर्षांत तो त्यांच्यासमोर किती वेळा उच्चारला असेल, याची आजही लाज वाटते.

याच्या उलटही एकदा घडलं. आमच्या एका सर्जननी बाहेरून आलेल्या डॉक्टरांना माझी ओळख 'माय कलीग' अशी करून दिली. तोवर मी नेहमी 'अवर सिस्टर' असायचे. घरी येऊन बाबांची जाड डिक्शनरी काढली. शब्द लॅटिन निघाला. प्राचीन रोममध्ये दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात. दोघांचा अधिकार सारखा, एक दुसऱ्याचा निर्णय रोखूही शकायचा. ते एकमेकांचे 'कलेगा', म्हणजे बरोबरीने निवडलेले. 'कॉलेज'ही त्याच घराण्यातलं.

त्यानंतर मला नादच लागला. 'कंपॅनियन' म्हणजे एका पावाचे वाटेकरी, त्यात 'पानिस' म्हणजे पाव आहे. 'मेट' हा शब्द 'मीट'चा भाऊबंद, आणि 'मीट' म्हणजे पूर्वी नुसतं अन्न. म्हणजे रूममेट काय, टीममेट काय, मुळात आपल्याबरोबर जेवणारा. आपण डबा मधे ठेवून जेवायचो तसंच. 'फेलो' तर जुन्या नॉर्स भाषेतून आला, व्यवहारात आपलं धन बरोबर ठेवणारा, आपला भागीदार. 'टीम' एकत्र जुंपलेल्या जनावरांना म्हणत, आणि बैलजोडीचं जू दोन्ही मानांवर असतं. इतके चांगले शब्द त्याच इंग्रजीत पडलेले असताना, ज्याचा अर्थ पाणी, जमीन, पैसा यांसारखी वापरायची सामग्री असा होतो, तोच शब्द तुम्ही माणसांना का लावता?

तुझ्या ऑफिसात सगळेच तसं म्हणत असतील. तक्त्यात तो रकाना असेल तर भर, तिथे तुझा इलाज नाही. पण तोंडाने बोलताना, मेल लिहिताना 'कलीग' म्हण, 'टीममेट' म्हण, नाहीतर सरळ नाव घे. 'वर्क्स अंडर मी' टाळ, 'वर्क्स विथ मी' लिही. आणि 'माय टू स्टाफ्स' असं तुझ्या मागच्या मेलमध्ये होतं, ते चूक आहे. स्टाफ म्हणजे सगळे कर्मचारी मिळून, एकाला 'मेंबर ऑफ स्टाफ' म्हणतात.

मला जास्त लागलं ते तुझं "रिसोर्स कमी पडतोय" हे वाक्य. त्यात त्या मुलाच्या आजारी वडिलांना कुठेच जागा नाही. तू अशी नाहीस गं. बाबा आयसीयूत होते तेव्हा तुझ्या साहेबांनी आठ दिवस तुझं काम स्वतःकडे घेतलं होतं. त्या दिवसांत त्यांनी तुला काय म्हणून हाक मारली असती तर तुला बरं वाटलं असतं, एवढंच मनात आण.

चकलीची भाजणी आणि मेतकूट कुरिअर केलंय, ऑफिसातल्या तिघांना पुरेल इतकं. त्या दोघांची नावं तू अजून सांगितली नाहीस. रविवारी फोन करशील तेव्हा सांग, आणि त्याच्या वडिलांना काय झालंय तेही विचारून ठेव.

तुझी,
आई